भूकंपानंतरची मदत पायऱ्यांची पाखाडी कशी चढते?

२०२१च्या जुलैत चिपळूणला पूर आला. त्यानंतरच्या आठवड्यात तालुक्यातल्या एका शाळेत बाहेरून आलेलं सामान उतरवून घ्यायला आम्ही पाचसहा जण होतो. ट्रक येत होते आणि येतच होते. हायवेलगतच्या एका वाडीत एका आजींना चादर द्यायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "बाबा, ही सातवी. आता पांघरायला मानसं आन." त्याच संध्याकाळी वरच्या अंगाच्या एका वाडीतला मुलगा चिखल तुडवत खाली आला. रस्ता दरडीखाली गेलेला, फोन मेलेले, विहिरीचं गढूळ पाणी उकळून पीत होते आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून तीन दिवस झाले होते. त्या आजींच्या घरापासून ही वाडी सरळ रेषेत अडीच-तीन किलोमीटरवर असेल.

चादरी देणाऱ्यांची चूक नव्हती, चालत आलेल्या त्या पोराची तर नव्हतीच. खालच्या वाडीत किती गेलं आणि वरच्या वाडीत काहीच गेलं नाही, या दोन गोष्टी एका कागदावर लिहिणारा माणूस नव्हता, एवढंच. आपत्तीनंतरचा 'समन्वय' हा शब्द फार सरकारी वाटतो. पण त्याचा अर्थ बराचसा या कागदात आहे.

पुराचं निदान इतकं बरं असतं की पाणी कुठवर चढलं ते भिंतीवर दिसतं. भूकंपाचं तसं नाही. एका गावात नुसती कौलं सरकतात, पलीकडच्या गावात अर्धी घरं बसतात. आधी सूचना नाही, हलक्या धक्क्यांचं सत्र पुढे चालूच राहतं आणि ज्यांनी मदत करायची ते डॉक्टर, नर्स, पोलीस, तलाठी हे सगळे स्वतःच त्यात सापडलेले असतात. म्हणून पुरासाठी केलेली तयारी इथे जशीच्या तशी चालत नाही.

कोयनेचा शेजार

"आपल्या कोकणात कुठला आलाय भूकंप?" असं म्हणणाऱ्याला मी पोफळीचं नाव सांगतो. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी खाली येतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणजे कोयनेशी आपलं पाण्याचं नातं आहेच; जमिनीचंही आहे. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, धरणाला भेगा पडल्या आणि नंतर ते बळकट करावं लागलं. धरणात पाणी साठायला लागलं ते १९६२च्या सुमारास. जलाशयामुळे भूकंप होऊ शकतात का, या प्रश्नावर जगात जिथे जिथे अभ्यास होतो तिथे कोयनेचं नाव घेतात.

माझी आई तेव्हा नऊ वर्षांची, घाटाखालच्या गावात. तिला आठवतं ते मांडणीवरची भांडी एकदम कोसळली तो आवाज, आणि मग डिसेंबरच्या थंडीत सगळं घर खळ्यात घोंगडी पांघरून बसलेलं. आजोबांनी पुढचे बरेच दिवस कुणाला आत झोपू दिलं नाही. हे आजोबांचं शहाणपण पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आपल्या राज्याला मोठा धडा मिळाला तो मात्र ३० सप्टेंबर १९९३ला, किल्लारीत. अनंत चतुर्दशीची रात्र संपून पहाट व्हायची होती. तीव्रता कोयनेच्या जवळपासचीच, साधारण ६.२, पण माणसं गेली हजारोंनी. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. ते खाली आलं तेव्हा मधे श्वास घ्यायला पोकळीच उरली नाही. म्हणजे भूकंपाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. घर कशाचं, वेळ कोणती आणि माणसं कुठे होती, हे विचारायला लागतं. आपल्याकडे जुनं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर लाकडी वासे आणि कौलं. कौलं पडली तर डोकी फुटतात, पण वाशांखाली पोकळ्या राहण्याची शक्यता जास्त. नव्या चारमजली इमारतींचं तसं नाही. खाली दुकानांसाठी किंवा पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर चार स्लॅब. तो खालचा मजलाच आधी वाकतो. एकाच तालुक्यात दोन्ही प्रकारची घरं असतील तर दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या जखमा एकाच रुग्णालयात येणार, हे आधीच धरून चालायला हवं.

पहिले काही तास

टीव्हीवर केशरी गणवेश, वास घेणारे कुत्रे आणि काँक्रीट कापणारी यंत्रं दिसतात. ती माणसं जीव ओतून काम करतात. पण ढिगाऱ्याखालून जिवंत निघणाऱ्यांतले बहुतेक त्यांच्या आधीच निघालेले असतात, आणि त्यांना काढणारे असतात शेजारी. १९९५च्या कोबे भूकंपात हेच झालं, जपानसारख्या तयारीच्या देशात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याला सगळ्यात जवळची तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला. तिथून ती निघणार, घाटात दरड असेल तर ती काढत येणार. तोवर वाडीत काय आहे? पहार, घमेली, जॅक, एखाद्याचा जेसीबी, आणि कोण कुठल्या खोलीत झोपतं ही माहिती. ही शेवटची गोष्ट कुठल्याही यंत्राकडे नसते.

आता एक बाब जरा सावकाश सांगतो, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. एखाद्याचा पाय चार-सहा तास तुळईखाली चेपलेला आहे. माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय, पाणी मागतोय. सगळे जोर लावून तुळई उचलतात, टाळ्या पडतात आणि थोड्या वेळात तो दगावतो. का? चेपलेला स्नायू मरतो आणि त्यातून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन बाहेर पडतं. दाब आहे तोवर ते पायातच अडकून असतं. दाब निघाला की रक्ताबरोबर सगळीकडे धावतं. पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवतं. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा, १९४१मध्ये, डॉक्टरांनी याचं नीट वर्णन केलं.

उपाय ऐकायला सोपा आहे: माणूस अजून अडकलेला असतानाच, तुळई उचलायच्या आधी, हाताच्या शिरेतून साधं सलाइन सुरू करायचं, मोठ्या माणसाला सुरुवातीला साधारण तासाला एक लिटर या वेगानं. ज्या सलाइनमध्ये पोटॅशियम असतं, जसं आपल्या दवाखान्यांत सर्रास लावतात ते 'आरएल', ते टाळायचं. आणि आपल्याकडची एक खास धोक्याची गोष्ट म्हणजे शहाळं. अडकलेल्या माणसाला कोकणी माणूस प्रेमानं पहिलं काय देईल, तर शहाळ्याचं पाणी. त्यात पोटॅशियम भरपूर. इतर वेळी गुणाचं, इथे नको. उपसणारा आणि सुई टोचणारा एकाच वेळी एकाच ढिगाऱ्याशी हवा, हे यातून निघतं. आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर आणि जेसीबीवाला यांची आधी कधी ओळखच नसेल तर ते त्या दिवशी जुळत नाही.

एवढं करूनही मूत्रपिंडं बंद पडतात. १७ ऑगस्ट १९९९च्या तुर्कीच्या मार्मारा भूकंपात ६३९ जणांना मूत्रपिंडाचा त्रास झाल्याची नोंद आहे, आणि त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं. १९८८च्या आर्मेनियाच्या भूकंपानंतर मूत्रपिंडतज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय पथक उभारलं होतं, त्याची तिथे मदत झाली. आता आपल्या जिल्ह्यात डायलिसिसची यंत्रं किती, ती चालवणारे किती आणि त्यांना लागणारं शुद्ध पाणी नळ तुटल्यावर कुठून येणार, हा हिशेब करून पाहा.

कुणाला आधी?

रुग्णालयाच्या दारात शंभर जण आले आणि डॉक्टर चार आहेत. रोजच्या दिवशी नियम असतो, जो जास्त आजारी तो आधी. त्या दिवशी हा नियम मोडावा लागतो, आणि तो मोडण्याच्या रीतीला ट्रायाज म्हणतात. पहिली हाक अशी: "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या आंब्याखाली जा." जे उठून गेले ते हिरव्या पट्टीचे. त्यांना थांबता येतं. जे राहिले त्यांच्याकडे एकेक करून जायचं, प्रत्येकाला अर्धा-एक मिनिट. श्वास नाही? मान सरळ करून तोंड मोकळं करून पाहायचं. तरी नाही, तर काळी पट्टी, म्हणजे आता वाचणार नाही असं धरायचं. श्वास मिनिटाला ३०पेक्षा जास्त, किंवा मनगटावर नाडी लागत नाही, किंवा "माझा हात दाबा" म्हटलं तर कळत नाही, तर लाल. हे आत आधी. बाकीचे पिवळे.

काळी पट्टी लावणं माणसाला जमत नाही. विशेषतः गावात, जिथे पडलेला माणूस आपल्या चुलत्याचा मुलगा असतो. म्हणून हे काम शक्यतो बाहेरच्या नर्स-डॉक्टरांनी करावं असं मला वाटतं. पण पहिल्या तासात बाहेरचं असणार कोण? तेव्हा सराव आपल्याच माणसांना हवा. आणि पट्टी कायमची नसते, दर थोड्या वेळानं पुन्हा पाहायचं असतं. सकाळचा पिवळा दुपारी लाल होतो.

रुग्णालय उभं असेल हे आपण गृहीतच धरतो. २६ जानेवारी २००१ला भूज हादरलं तेव्हा तिथलं जिल्हा रुग्णालयच कोसळलं. २००३च्या डिसेंबरात इराणच्या बाम शहरात रुग्णालयं गेली, आणि इराणनं हजारो जखमींना विमानांनी दुसऱ्या प्रांतांत हलवलं. बाहेरची तंबू-रुग्णालयं उभी राहीपर्यंत मार लागलेल्यांची पहिली लाट ओसरलेली होती. मला यातला बामचा मार्ग कोकणाला जवळचा वाटतो. डॉक्टरांची फौज इकडे आणण्याआधी लाल पट्टीची माणसं कराड, कोल्हापूर, पुणे, मुंबईला कशी निघतील ते ठरवायचं. आणि जी इमारत उभी आहे तीही अभियंत्यानं पाहून 'चालेल' म्हणेपर्यंत वापरायची नाही, खाटा अंगणात. आजोबांनी खळ्यात झोपवलं ते याच हिशेबानं. धक्का पुन्हा येतो, आणि पहिल्या वेळी नुसती तडकलेली भिंत दुसऱ्या वेळी पडते.

कोठीची चावी कुणाकडे?

गावजेवण आठवा. पाचशे माणूस जेवणार. आचारी चुलाण सोडत नाही. पाण्याचं एकाकडे, पत्रावळींचं दुसऱ्याकडे, वाढप्यांची पोरं तिसऱ्याच्या हाताखाली. कोठीची चावी एकाच माणसाच्या कमरेला. आणि एक गावकर नुसता फिरत असतो, काहीच काम करत नाही असं वाटतं. पण "त्या कोपऱ्यातल्या पंगतीला भात गेला नाही" हे त्यालाच दिसतं. उद्या पाचशेच्या जागी पन्नास हजार घ्या, आणि आचारी एकमेकांना न ओळखणारे, वेगवेगळ्या भाषा बोलणारे घ्या.

जगभरच्या मदत संस्थांनी २००५मध्ये साधारण हीच वाटणी कागदावर आणली. तिला क्लस्टर पद्धत म्हणतात: आरोग्याचं एक टेबल, पाणी-संडासांचं एक, निवाऱ्याचं एक, वाहतूक-गोदामांचं एक आणि अशी आणखी. प्रत्येक टेबलाला एक जबाबदार संस्था. आरोग्याला जागतिक आरोग्य संघटना, पाणी-स्वच्छतेला युनिसेफ, मालवाहतुकीला जागतिक अन्न कार्यक्रम. ८ ऑक्टोबर २००५ला मुझफ्फराबादजवळ झालेल्या भूकंपानंतर ती पहिल्यांदा वापरली गेली. प्रत्येक टेबलावर एकच वही असते आणि त्या वहीत चार रकाने: कोण, काय, कुठे, कधी. कुठल्या संस्थेनं कुठल्या गावात काय दिलं, आणखी काय देणार. वही भरली की मोकळी जागा आपोआप दिसते. सातवी चादर याच वहीत अडली असती.

आपल्या देशात चावी कुणाकडे, याचं उत्तर २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आहे. जिल्ह्यात प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. रस्ता बंद करणं, वाहन किंवा इमारत ताब्यात घेणं, खाजगी रुग्णालयाच्या खाटा मागणं, हे अधिकार तिथून चालतात. तालुक्याला तहसीलदार, गावाला तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील. कामाची मांडणीही ठरलेली आहे: हुकूम देणारा एक, त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करणारे, माहिती गोळा करून उद्याचं ठरवणारे आणि सामान पुरवणारे असे तीन गट. अनुभवानं सांगतो, या तिघांतला मधला गट नेहमी उपाशी राहतो. सगळ्यांना उपसायला आणि वाटायला जायचं असतं. खुर्चीत बसून वही भरणाऱ्याकडे "हा काय करतोय?" म्हणून लोक बघतात. मीही त्या शाळेत दोन दिवस पोतीच उचलली. वहीकडे फिरकलो नाही.

या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद कोणती, तर जिथून काहीच निरोप आला नाही त्या गावाची. ज्यांचा फोन लागतो, जे चिडून बोलतात, व्हिडिओ पाठवतात, त्यांचं काहीतरी शिल्लक असतं. जिथला मनोरा पडला, रस्ता गेला आणि निरोप घेऊन चालणारा पोरगाही जखमी आहे, तिथे शांतता असते. सहा तासांत निरोप नाही, तर तिकडे माणूस पाठवायचाच, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहायला हवा. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवणारे, अशा वेळी सोन्याचे.

बाहेरून आलेली पथकं

१२ जानेवारी २०१०ला हैतीची राजधानी कोसळली आणि जगभरातून डॉक्टर धावले. त्यांत उत्तम सर्जन होते, आणि नुसत्या उत्साहानं आलेलेही होते. कुणी किती ऑपरेशनं केली, कापलेल्या पायाच्या जखमेचं पुढे कोण पाहणार, याच्या नोंदी नव्हत्या. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेनं वैद्यकीय पथकांच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीचं पथक बाह्यरुग्ण तपासतं. दुसऱ्या पायरीच्या पथकाकडे किमान २० खाटा आणि दिवसाला ७ मोठ्या शस्त्रक्रियांची ताकद हवी. तिसरी पायरी म्हणजे अतिदक्षता विभागासह मोठं रुग्णालय. आणि सगळ्यांना सारखी अट: पाणी, वीज, जेवण, झोपायची सोय स्वतःची आणायची. पाहुण्यानं भुकेल्या घरी जेवायला बसू नये, एवढंच ते. ढिगारे उपसणाऱ्या पथकांचे असे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट १९९१पासूनच होता.

हैतीत आणखी एक वाईट गोष्ट झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे कॉलरा पसरला, आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतल्या मैल्यातून नदीत गेला होता. मदतीला येणाऱ्यांचे संडास हा विषय तेव्हापासून कुणी हसण्यावारी नेत नाही.

फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्की-सीरियाच्या भूकंपानंतर भारतानं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं आणि लष्कराचं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल पाठवलं. हे हॉस्पिटल उभं राहिलं तुर्कीतल्या इस्केंदेरूनला, जिथल्या सरकारी रुग्णालयाचा भाग कोसळला होता. म्हणजे हे करणारी माणसं आपल्याच देशात आहेत. मुद्दा त्यांना वाट देण्याचा आहे.

घाट, खाडी, सडा

हैतीच्या राजधानीला विमानतळ एक, धावपट्टी एक, नियंत्रण मनोरा निकामी, बंदराचा धक्का मोडलेला. फुगवून उभारायचं रुग्णालय घेऊन आलेलं विमान उतरू न देता शेजारच्या देशात वळवलं गेलं, कारण खाली जागाच नव्हती. २०१५मध्ये काठमांडूत तेच. धावपट्टी एकच, आणि तिला इजा होऊ लागली तशी जड विमानं बंद करावी लागली. मदतीचा डोंगर असतो, पण तो ज्या नळीतून यायचा ती नळी अरुंद असते. मग नळीतून आधी काय सोडायचं हे ठरवणारा कुणीतरी हवा. नाही तर खेळणी आधी येतात आणि प्लास्टरचं सामान मागे राहतं.

आपल्या नळ्या मोजू. मुंबई-गोवा हायवे: परशुराम घाट, कशेडी, आणि मधे खाड्यांवरचे पूल. पावसात काय होतं ते आपल्याला सांगायला नको. २०१६ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल एका रात्रीत गेला. वर जायला कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, आंबोली. कोयनेच्या बाजूला हादरलं तर कुंभार्लीच आधी जाणार. कोकण रेल्वे बोगद्यांतून आणि पुलांवरून धावते; करबुड्याचा एकच बोगदा साडेसहा किलोमीटरचा. ते सगळे पायी तपासल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, आणि सोडूही नये. म्हणून ट्रक थेट गावात घुसू न देता आधी थांबवायची ठिकाणं लागतात. कराड, कोल्हापूर, उत्तरेला महाड किंवा पनवेल. तिथे माल उतरवायचा, निवडायचा, छोट्या गाड्यांत भरायचा आणि वहीत जे गाव रिकामं दिसतं तिकडे सोडायचा. ट्रकवाल्यांना हा थांबा अपमानासारखा वाटतो. आम्ही एवढ्या लांबून आलो आणि आम्हाला अडवता? तिथे बोलायला गोड तोंडाचा माणूस ठेवा.

समुद्र ही आपली मोठी वाट, आणि आपण तीच विसरतो. नौदल आहे, तटरक्षक दल आहे, रत्नागिरीच्या धावपट्टीवर त्यांची सोय आहे, मिऱ्या-जयगडसारखी बंदरं आहेत. खाडीतून आतवर होड्या जातात, आणि मच्छीमारांइतकं खाडीचं तळ कुणाला माहीत? पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र खवळलेला. तेव्हा समुद्राची योजना दोन कराव्या लागतात, एक उन्हाळ्याची आणि एक पावसाळ्याची. (त्सुनामीची भीती बऱ्याच जणांना वाटते. सह्याद्रीतल्या भूकंपानं ती येत नाही. आपल्या बाजूची ज्ञात जागा म्हणजे पाकिस्तान-इराणकडचा मकरानचा किनारा. २८ नोव्हेंबर १९४५ला तिथून उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. आता हैदराबादच्या केंद्राकडून इशारा मिळतो.)

औषधांचे खोके

१९८८ला आर्मेनियात ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं. ते काय आहे हे नुसतं समजून घ्यायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के मालाची मुदत येतानाच संपलेली, बराचसा ओळखू न येणाऱ्या भाषांत. असल्या अनुभवांतूनच जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम आले: यादी मागितल्याशिवाय पाठवू नका, मुदत पोचल्यावर किमान वर्षभर शिल्लक हवी, नाव स्थानिक डॉक्टरला वाचता यायला हवं. घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पिशवी म्हणजे मदत नव्हे. ती निवडायला एक फार्मासिस्ट अडकतो, आणि त्या दिवशी फार्मासिस्ट मिळत नाही. भूकंपात खरंच लागतात त्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत: सलाइन, प्लास्टर, भूल, वेदनाशामक, धनुर्वाताची लस, रक्तपिशव्या, जनरेटरचं डिझेल. पैसे पाठवणं याहून बरं, पण पैशाचा फोटो काढता येत नाही, तेव्हा लोक चादरी पाठवतात.

दुसरा आठवडा

कॅमेरे पाचव्या-सहाव्या दिवशी निघून जातात. तेव्हा रुग्णालयातली रांग बदलते. ताज्या जखमा कमी आणि चिघळलेल्या जास्त. त्यांच्या मागे ज्यांचा भूकंपाशी थेट संबंध नाही ते: इन्शुलिन ढिगाऱ्यात गेलेले मधुमेही, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे, टीबीच्या गोळ्या तुटलेले, दिवस भरलेल्या बायका. बाळंतपण भूकंपासाठी थांबत नाही. इथे बाहेरच्या मोठ्या पथकापेक्षा आशाताईंची वही मोलाची. कुठल्या घरात कोण गरोदर, कोण अंथरुणाला खिळलेलं, कुणाची लस राहिली, हे त्यात असतं. ती वही घरात असते, आणि घर पडलेलं असतं. तिची एक प्रत तालुक्याला असावी, हे मी माझ्याकडून सुचवतो.

छावणीसाठी मोजमापं ठरलेली आहेत. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, झोपायला साडेतीन चौरस मीटर जागा, संडास सुरुवातीला ५० जणांत एक आणि लवकरात लवकर २० जणांत एक. बायकांचे वेगळे, उजेडात, आतून कडी असलेले. कडी नसेल तर बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे शाळेतल्या मुक्कामात मी डोळ्यांनी पाहिलंय.

मृतदेहांविषयी एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. भूकंपात गेलेल्या निरोगी माणसाच्या देहामुळे साथ पसरत नाही. त्यामुळे घाईघाईनं सामूहिक दहन किंवा दफन करायचं कारण नाही. फोटो, नंबर, अंगावरच्या खुणा, सापडल्याची जागा एवढं नोंदवायचं. मुंबईहून चाकरमानी मुलगा तिसऱ्या दिवशी येईल, तेव्हा बाप कुठे आहे ते त्याला कळायला हवं. साथ पसरते ती घाण पाण्यातून आणि गर्दीतून. क्लोरीन तिकडे घाला.

आमच्या गावात या वर्षी तहसीलमधून एक कागद आला होता. त्यात 'हेलिकॉप्टर उतरण्यास योग्य जागा' असा रकाना होता. पोरांनी लगेच क्रिकेटचं मैदान लिहिलं. शेजारचे अण्णा म्हणाले, "अरे, मे महिन्यात ते मैदान. जुलैत तिथे आपलाच भात लावलेला असतो." मग सड्याचं नाव घातलं. वर कातळ सपाट आहे, झाड नाही, विजेची तार नाही. तिथून खालच्या वाडीत यायला पाखाडी, तीनशेच्या वर पायऱ्या. डोली कुणाकडे आहे, दोन बांबू आणि घोंगडं कुठे ठेवलंय आणि खांदा देणारे आठ जण कोण, हे कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. त्यातले तिघे सध्या मुंबईला असतात.